कल्पित युद्धकथेतला डोंगरी योद्धा: त्याची निष्ठा नेमकी कुणाशी?

बोरिवलीकर

नमस्कार. गेली दोन वर्षे मी मराठीत एक दीर्घ युद्धकथा लिहीत आहे. तिच्यातले राज्य, नकाशा आणि दैवते सारे कल्पित आहे, पण एका पात्राने मला सध्या अडवून धरले आहे आणि त्याविषयी इथल्या जाणत्या वाचकांशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

हे पात्र म्हणजे डोंगरपट्टीतल्या एका जमातीचा नायक. राजाच्या सैन्याची पीछेहाट सुरू असते, मागे शत्रूचे घोडदळ असते आणि मध्ये एकच खिंड असते. राजा नायकाला सांगतो, "रात्रभर खिंड धर." नायक आपल्या साठ माणसांसह खिंड धरतो, कारण त्याने राजाच्या वडिलांना शब्द दिलेला असतो. सकाळपर्यंत साठांपैकी एकही उरत नाही. हा प्रसंग मी मोठ्या तन्मयतेने लिहिला होता आणि लिहिताना माझे डोळेही भरून आले होते.

आम्ही चार-पाच जण महिन्यातून एकदा दादरला जमतो आणि एकमेकांचे लेखन वाचतो. तिथे हे प्रकरण वाचून झाल्यावर एक मैत्रीण बराच वेळ गप्प राहिली आणि मग एवढेच म्हणाली, "या माणसाला स्वतःचे असे काहीच नाही. ना घर, ना शेत, ना देव. त्याला फक्त मरायचे आहे, आणि तेही दुसऱ्याच्या गोष्टीत." मी त्या दिवशी बोरिवलीपर्यंत लोकलमध्ये उभा राहून तोच विचार करत आलो. घरी येऊन हस्तलिखित उघडले तेव्हा तिचे म्हणणे खरे असल्याचे दिसले. त्या प्रकरणात राजाचा घोडाही नावाने येतो, पण माझा हा योद्धा सगळीकडे 'नायक' किंवा 'तो डोंगरी' एवढाच आहे.

माझा प्रश्न असा आहे. अशा योद्ध्याची निष्ठा आणि त्याचा मान या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात का? की निष्ठा पूर्ण झाली की मान राजाच्या वाट्याला जातो आणि योद्ध्याच्या वाट्याला केवळ मरण येते?

गिरगावचा वाचक

आपला प्रश्न मोलाचा आहे, परंतु आपल्या मैत्रिणीचे म्हणणे मला पटत नाही. खिंड धरून मरणे यात कमीपणा कसला? १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे घोडखिंडीत उभे राहिले, त्यातले बहुतेक परत आले नाहीत, आणि त्या जागेला आपण आजही पावनखिंड म्हणतो. त्या मावळ्यांना स्वतःचे असे काही नव्हते, असे म्हणण्याचे धाडस कुणी करील का? शब्द दिला तो पाळला, हाच त्यांचा मान. मोबदल्याची अपेक्षा ठेवून केलेली निष्ठा ही निष्ठा राहत नाही, तो व्यवहार होतो. आपल्या नायकाला मोबदला मागायला लावलात तर आपण त्याला मोठे करणार नाही, उलट लहान कराल. प्रसंग आहे तसाच ठेवावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जुनी पोथी

गिरगावकरांशी अर्धा सहमत आहे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी घटोत्कचाकडे जावे लागेल. आपल्या परंपरेत परक्याच्या युद्धात मरणारा रानातला योद्धा म्हटला की पहिला तोच आठवतो, आणि बोरिवलीकरांचा प्रश्न महाभारताने आधीच, अधिक निर्दयपणे, विचारून ठेवला आहे.

आदिपर्वात हिडिंबेला मुलगा होतो, तेव्हा कुंती त्याला सांगते की तू पाचांचा ज्येष्ठ पुत्र आहेस, तू साहाय्य कर. ज्येष्ठ हा शब्द लक्षात ठेवावा. ज्येष्ठत्व मिळाले ते साहाय्यापुरते, वारशाचा विषयही निघत नाही. घटोत्कच म्हणतो, गरज पडेल तेव्हा येईन, आणि निघून जातो. पुढे वनवासात गंधमादनाच्या वाटेवर द्रौपदी थकून कोसळते, तेव्हा भीम त्याची आठवण काढतो आणि तो येऊन तिला वाहून नेतो. मग तो येतो थेट युद्धात.

चौदाव्या दिवशी जयद्रथ पडतो आणि युद्ध सूर्यास्तानंतरही थांबत नाही. हत्तींवर, रथांवर दिवे लावून लढाई चालते. त्या रात्री घटोत्कचाचा मुलगा अंजनपर्वा अश्वत्थाम्याच्या हातून मरतो. ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात असते, की त्या एका रात्रीत हिडिंबेचा मुलगाही गेला आणि नातूही. नंतर कर्ण पांडवसेनेची दाणादाण उडवतो. अर्जुन कर्णावर जायला निघतो, पण कृष्ण त्याला थांबवतो आणि घटोत्कचाला पुढे करतो, कारण कर्णाकडे इंद्राने दिलेली, एकदाच वापरता येणारी शक्ती अजून शिल्लक असते. कर्ण ती अखेर घटोत्कचावर सोडतो. मरताना घटोत्कच आपला देह प्रचंड वाढवून कौरवसेनेवर कोसळतो, म्हणजे मरणही तो पांडवांच्या कामी लावतो.

यानंतरचे जे आहे ते मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते. पांडव रडत असतात आणि कृष्ण आनंदाने अर्जुनाला मिठी मारून नाचतो, वाऱ्याने हलणाऱ्या झाडासारखा नाचतो, असे व्यास लिहितात. अर्जुन कारण विचारतो. कृष्ण सांगतो की शक्ती खर्ची पडली, आता कर्ण मारला जाऊ शकतो. एवढ्यावर थांबला असता तर ते युद्धशास्त्र म्हणून सोडून देता आले असते. पण पुढे तो म्हणतो की कर्णाने याला मारले नसते तर मलाच मारावे लागले असते, कारण हा ब्राह्मणांचा आणि यज्ञांचा द्वेष करणारा होता. त्याच संवादात जरासंध आणि शिशुपाल यांच्याबरोबर एकलव्याचेही नाव येते, की यांनाही तुमच्यासाठीच दूर केले. म्हणजे अंगठा देणारा निषाद आणि प्राण देणारा राक्षसीपुत्र हे दोघेही अखेर एकाच यादीत बसतात.

युधिष्ठिर मात्र वेगळा वागतो. तो कृष्णाला एकेक गोष्ट आठवून सांगतो, की याने वनात आम्हाला साथ दिली, गंधमादनावर थकलेल्या पांचालीला वाहून नेले, आणि शोकाने तो स्वतः कर्णावर चालून निघतो. व्यासांना येऊन त्याला थांबवावे लागते. मला वाटते घटोत्कचाचा मान महाभारतात कुठे शिल्लक असेल तर तो युधिष्ठिराच्या त्या आठवणींत आहे. बोरिवलीकर, आपल्या कथेत सकाळी कुणी रडते का? आणि रडणारा काय आठवून रडतो?

मुलुंडची लेखिका

'जुनी पोथी' यांच्या प्रतिसादाला एक छोटी जोड. मनालीला देवदारांच्या दाट झाडीत हिडिंबेचे लाकडी देऊळ आहे, १५५३ सालचे, आणि जवळच एका झाडाखाली घटोत्कचाचे ठाणे आहे. कुल्लूचे राजघराणे हिडिंबेला आजी मानते आणि ती आल्याशिवाय कुल्लूचा दसरा सुरू होत नाही. ज्या बाईला हस्तिनापुरात जागा मिळाली नाही, तिच्यासाठी डोंगरातला राजा आजही थांबतो. आपल्या पुराणकथांना डोंगरातले लोक कसे दुरुस्त करून घेतात, याचे मला यात फार समाधान वाटते.

बोरिवलीकर

'जुनी पोथी', आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या कथेत सकाळी कुणीही रडत नाही. राजा गडावर पोहोचतो आणि प्रकरण तिथेच संपते. हे लिहितानाही मला शरम वाटते आहे.

गिरगावचा वाचक

घटोत्कचाची रात्र मला ठाऊक होती, परंतु अंजनपर्व्याची आठवण नव्हती. तरीही मी विचारतो की यात घटोत्कचाचा मान कमी झाला की कृष्णाचा? योद्ध्याने आपले काम केले. इतरांनी त्याच्या मरणाचे काय केले याचा हिशेब त्याच्या खात्यावर का मांडायचा?

ठाणे पूर्व

गिरगावकर, आपण घोडखिंडीचे उदाहरण दिलेत म्हणूनच मी लिहायला बसलो, कारण मला वाटते की उत्तर त्या खिंडीतच आहे, फक्त आपण ते पाहिले नाही.

घोडखिंडीच्या कथेत तोफा आहेत. महाराज विशाळगडावर पोहोचले की तोफांचे आवाज करतील, तोवर खिंड लढवायची, असे आधी ठरले होते, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ते आवाज ऐकेपर्यंत बाजीप्रभूंनी प्राण सोडला नाही, हे आपण सांगतो. पण तोफ डागणारी बाजू आपण विसरतो. वर गडावर पोहोचलेल्या माणसाने, जीव वाचल्यावर, पहिले काम कोणते केले असेल तर खाली लढणाऱ्यांना कळवले. निष्ठा खालून वर गेली आणि शब्द वरून खाली आला. पुढे दरबारातला पहिल्या पानाचा मान बांदलांना दिला गेला आणि तो मान ज्यांचा होता त्या जेध्यांनी तो सोडला, असेही सांगितले जाते. गिरगावकर याला व्यवहार म्हणतील का? मला नाही वाटत.

घटोत्कचासाठी तोफ वाजली नाही. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

डोंगरातल्या योद्ध्यांचा खरा इतिहास पाहिला तर तोफ न वाजल्यावर ते काय करतात तेही दिसते. खाज्या नाईकांकडे सेंधव्याच्या घाटाची राखण होती, म्हणजे बोरिवलीकरांच्या नायकाप्रमाणे तेही वाटेचे राखणदारच. इंग्रजांच्या चाकरीत असलेला हा भिल्ल नायक १८५७ मध्ये त्यांच्याच विरुद्ध उठला आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला भिल्लांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. चाकरी सोडली म्हणून त्यांना बेइमान म्हणायचे की आपल्या माणसांशी इमान राखले म्हणून मानी म्हणायचे, हे आपण कुठल्या डोंगरावर उभे राहून पाहतो त्यावर ठरते. मी ज्या शहरात राहतो तिथल्या तुरुंगात २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी दिली गेली. महादेव कोळ्यांचा हा बंडखोर नायक पंढरपुरात पकडला गेला होता. त्या तुरुंगाच्या भिंतीवरून मी रोज स्टेशनकडे जातो, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवले नाही.

डहाणू लोकल

मी या संस्थळावर वाचत असतो, लिहीत क्वचित. हा धागा सकाळच्या गाडीत वाचायला घेतला आणि विरारच्या पुढे-मागे पाच-सहा वेळा थांबून वाचला. मी वारली आहे. घर डहाणूच्या बाजूला आहे आणि नोकरी मुंबईत, २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल झाली म्हणून हे शक्य होते.

इथे सगळे मोठ्या युद्धांबद्दल बोलत आहेत. मी माझ्या घरची दोन उदाहरणे देतो, त्यातून बोरिवलीकरांना काही मिळाले तर घ्यावे.

पहिले 'लग्नगडी' या शब्दाचे. माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत आमच्याकडे माणूस लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे उसने घ्यायचा आणि त्या बदल्यात तो, आणि बरेचदा त्याची बायकोही, आयुष्यभर त्या घरी राबायची. कर्ज फिटायचे नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचे की किती इमानी गडी आहे, तीस वर्षे मालकाचे दार सोडले नाही. तेव्हा आपल्या कथेतल्या राजाच्या वडिलांना नायकाने जो शब्द दिला होता तो कशाच्या बदल्यात दिला होता, हे एकदा तपासून पाहावे. शब्द आणि कर्ज लांबून सारखेच दिसतात.

१९४५ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली लग्नगड्यांच्या आणि वेठीच्या विरुद्ध उभे राहिले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड मारले गेले, त्यांच्यासोबत आणखीही माणसे गेली. लोक तिथे का जमले होते? बाईंच्या जिवाला धोका आहे, तुम्ही हत्यारे घेऊन या, अशी अफवा जमीनदारांच्या बाजूने पसरवली गेली म्हणून. बाई तिथे नव्हत्याच. जिच्यासाठी मरायची तयारी होती तिच्या नावानेच त्यांना जमवले गेले. निष्ठेचा असाही वापर होतो. पण लक्षात घ्या, ती निष्ठा खोटी नव्हती, कारण ज्या बाईसाठी ते आले होते ती त्यांच्या झोपड्यांत राहिली होती, त्यांचे अन्न जेवली होती. तलवाड्याला आलेल्यांना कुणी इमानी गडी म्हटले नाही, उलट दंगेखोर म्हटले.

दुसरे उदाहरण वाघोबाचे. बोरिवलीकरांना हे पाहायला दूर जायला नको, राष्ट्रीय उद्यानातल्या आणि आरेतल्या पाड्यांजवळही वाघोबा आहे. आमच्याकडचा लाकडाचा आहे. वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र, खाली वाघ कोरलेला, आणि शेंदूर इतक्या वर्षांचा की वाघाचे पट्टे आता हाताने चाचपूनच कळतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला सगळे जमतात, त्याला त्याचे देतात आणि मग त्याने वर्षभर आमची गुरे आणि माणसे राखायची असतात. आमची माणसे वाघाला भितात आणि मानतातही, पण त्याच्यासमोर लोळण घेत नाहीत. आम्ही आमचे देणे दिले आहे, आता तुझे तू पाळ, असे ते नाते आहे. वाघाशी ज्यांचे नाते असे ठरलेले आहे, ती माणसे राजाशी त्याहून कमी कशावर ठरवतील?

आणि एक विनंती. त्याला नाव द्या. आमच्यात पुष्कळांची नावे जन्मवारावरून असतात, सोमवारी जन्मला तो सोम्या, मंगळवारी मंगळ्या, बुधवारी बुध्या. नाव ठेवायला एवढे पुरते.

गिरगावचा वाचक

डहाणूकर, आपला प्रतिसाद वाचून मी माझे आधीचे लिखाण पुन्हा पाहिले. 'मोबदला' हा शब्द मी फार सहज वापरला होता. बाजीप्रभूंच्या तोफेला मी मोबदला म्हणणार नाही आणि वाघबारशीच्या ठरावालाही नाही. मोबदला काम झाल्यावर मिळतो, आणि आपण ज्याबद्दल बोलत आहात ते कामाच्या आधी समोरासमोर उभे राहून ठरलेले असते. तरीही माझा एक आग्रह मी सोडत नाही. नायकाने अट घातल्यावर, ती मान्य झाल्यावर, त्याने मागे वळून पाहू नये. खिंडीत उतरल्यावर त्याच्या मनात शंका दाखवलीत तर त्याचे साठ जण उघडे पडतील.

मुलुंडची लेखिका

गिरगावकरांचा हा मुद्दा लेखनाच्या दृष्टीने मला महत्त्वाचा वाटतो. शंका राजाच्या बाजूला ठेवावी. नायक खिंडीत ठाम उभा आहे आणि वर गडावर राजाचे सरदार सांगत आहेत की आता खिंडीतल्यांना खूण म्हणून जाळ केला तर शत्रूला आपला ठावठिकाणा कळेल, जाळ करू नका. तिथे राजाची परीक्षा होते. आपल्या कथांमध्ये परीक्षा नेहमी डोंगरातल्याची घेतली जाते, कधी अंगठा मागून, कधी प्राण मागून. एकदा ती सिंहासनावर बसलेल्याचीही घेतली जावी.

बोरिवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दहा दिवसांत प्रकरण पहिल्यापासून पुन्हा लिहिले आहे. राजाच्या वडिलांना दिलेला शब्द काढून टाकला, कारण तपासून पाहिले तेव्हा तो खरोखरच कर्ज निघाला: दुष्काळात दिलेल्या धान्याचे. ते आता कथेत तसेच, कर्ज म्हणून येते, आणि नायक राजाला तोंडावर सांगतो की ते आम्ही तुझ्या बापाच्या हयातीतच फेडले. त्याचे नाव बुध्या. मुलुंडच्या सूचनेप्रमाणे गडावरचा वाद नव्याने लिहिला आहे. राजा जाळ पेटवतो, पण उशिरा पेटवतो, आणि तो उशीर पुढच्या सगळ्या प्रकरणांत त्याच्या मागे लागतो. खिंडीआधीचा भाग इथे ठेवतो:

"राजाने खिंडीकडे बोट दाखवले. बुध्याने तिकडे पाहिले नाही, ती वाट त्याने लहानपणापासून पाहिली होती. तो म्हणाला, 'उतरतो. पण तू वर पोहोचलास की बुरुजावर जाळ करायचा. शेवरीच्या झाडाएवढा, खालून दिसेल असा. जाळ दिसेपर्यंत खिंड आमची. जाळ दिसल्यावर जो उरेल तो घरी जाईल, त्याला कुणी अडवायचे नाही. आणि जो उरणार नाही त्याचे नाव तू स्वतः त्याच्या पाड्यावर जाऊन सांगायचे. निरोप्या पाठवायचा नाही.' राजा म्हणाला, 'साठ नावे माझ्या लक्षात कशी राहतील?' बुध्या खाली बसला आणि म्हणाला, 'आत्ता पाठ कर. घोडदळ यायला अजून वेळ आहे.'"

मग तो एकेक नाव सांगतो आणि राजा त्याच्यामागे म्हणत जातो. हा भाग अडीच पानांचा झाला आहे आणि मी त्यातले एकही नाव गाळणार नाही. वाचून काही खटकले तर अवश्य सांगावे.

डहाणू लोकल

वाचले, गाडीत शेजारच्या माणसालाही वाचायला दिले. नावे पाठ करण्याचा भाग राहू द्या.

एक दुरुस्ती आहे. आपण ही लढाई दसऱ्यानंतरच्या चार-पाच दिवसांतली दाखवली आहे. तेव्हा हळवे भात कापणीला आलेले असते आणि एका पाड्यातले साठ धडधाकट पुरुष एकदम निघून गेले तर मागे राहिलेल्यांचे पीक शेतातच झडून जाईल. बुध्या हे विसरणार नाही. एक तर लढाई कापणीनंतर न्या, नाहीतर त्याच्या अटींत आणखी एक अट घाला, की राजाची माणसे येऊन भात कापून देतील. शेवरीचे झाड बरोबर आहे, आमच्याकडे ते लांबून ओळखू येते.